दगडी जाळी: जाडी, दगड आणि बसवणी

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

हाताने कोरलेल्या दगडी जाळ्या घरांच्या, हॉटेलांच्या आणि कार्यालयांच्या दर्शनी भागात पुन्हा दिसू लागल्या आहेत. त्याबरोबर तडे, गंजाचे डाग, शेवाळ अशा तक्रारीही येऊ लागल्या आहेत. या वेळी आलेल्या पत्रांत बरेच प्रश्न एकसारखे होते, ते एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न (नाशिक): बंगल्याच्या पश्चिमेकडच्या जिन्याला सहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच दगडी जाळी लावायची आहे. आर्किटेक्ट ५० मि.मी. जाडी सांगतात. पुरवठादार म्हणतो, २० मि.मी. पुरे, वजन कमी आणि पैसेही कमी. कोणाचं ऐकावं?

उत्तर: आर्किटेक्टचं. जाळीचं काम नक्षी करत नाही, जाडी करते. ऊन भोकातून आत येतं की भोकातच अडतं, हे भोकाची उंची आणि दगडाची जाडी यांच्या प्रमाणावर ठरतं. भोक ५० मि.मी. आणि दगडही ५० मि.मी. असेल तर ४५ अंशांच्या वरचं ऊन पूर्ण अडतं. नाशिकच्या अक्षांशावर, मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, पश्चिमेच्या भिंतीवर अशा जाळीतून ऊन आत शिरायला दुपारचे साडेतीन वाजतात. तेच भोक २० मि.मी. जाडीच्या फरशीत पाडलंत तर दोन वाजल्यापासूनच ऊन जिन्यात येतं. उलट ५० मि.मी. जाडीत भोक २५ मि.मी. केलंत तर पावणेपाचपर्यंत निश्चिंत राहता येतं. त्यानंतरचं मावळतीचं ऊन कुठलीच जाळी पूर्ण अडवत नाही, ती अपेक्षा ठेवू नका.

दुसरी गोष्ट ताकदीची. २० मि.मी.च्या फरशीत पट्ट्या पाडल्या की त्या वाहतुकीतच तुटतात. सँडस्टोनमध्ये (वालुकाश्मात) दोन भोकांमधली पट्टी १८ ते २० मि.मी.पेक्षा बारीक करू नये. चांगल्या संगमरवरात १२ मि.मी.पर्यंत उतरता येतं. भोवतीची कोरी चौकट ७५ ते १०० मि.मी. ठेवा, कारण खिळे (जाळी पकडून ठेवणाऱ्या धातूच्या सळया), सांधे, उचलण्याचा ताण सगळं तिच्यावरच पडणार आहे.

वजनाचा हिशोब करून टाकू. सँडस्टोन घनमीटरला सुमारे २,३०० किलो भरतो, म्हणजे ५० मि.मी.ची भरीव फरशी चौरस फुटाला साधारण पावणेअकरा किलो. चाळीस-पंचेचाळीस टक्के भोकं आणि भरीव चौकट धरली तर सात किलोच्या आसपास. तुमची ५४ चौरस फुटांची जाळी पावणेचारशे ते चारशे किलोंची होईल. तिच्याखाली तुळई हवी, नुसत्या विटांच्या भिंतीच्या टोकावर ती ठेवू नका. एकसंध तुकडा मागवू नका. तीन फूट बाय साडेचार फूट असे चार भाग करा. एकेक भाग शंभर किलोंच्या आत बसतो आणि चार माणसं जिन्यातून नेऊ शकतात. अहमदाबादची सिदी सैयद मशिदीची जाळी (१५७३) एकसंध वाटते, पण जवळून पाहिलं तर ती अनेक तुकडे जुळवून केलेली आहे आणि सांधे फांद्यांच्या ओघात लपवलेत. भूमितीच्या नक्षीत हे जमत नाही. तिथे सांधा नक्षीतून न नेता चौकटीतूनच घ्या.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): बीबी का मकबऱ्यातली जाळी संगमरवराची आहे. इथे काळा दगड इतका मुबलक असताना बाहेरून संगमरवर का आणला? आणि आज आम्हाला काळ्या दगडात जाळी करून मिळेल का?

उत्तर: मकबऱ्यातच उत्तर आहे. खालचा कमरेइतका भाग आणि घुमट संगमरवराचा, मधला भाग काळ्या दगडाचा आणि त्यावर गुळगुळीत चुन्याचा गिलावा. कबरीभोवतीची अष्टकोनी जाळी मात्र संगमरवरीच. जिथे भार पेलायचा तिथे बेसॉल्ट म्हणजे आपला काळा दगड, जिथे बारीक कोरायचं तिथे संगमरवर, अशी सरळ वाटणी दिसते. अर्थात शाहजहानी थाटाचं पांढरेपणही हवंच होतं.

बेसॉल्ट कठीण आणि चिवट आहे, मूर्ती आणि खांबांना उत्तम. जाळीत दोन अडचणी येतात. छिन्नीची धार लवकर जाते, त्यामुळे मजुरी वाढते. आणि आपल्याकडच्या बऱ्याच खाणींच्या दगडात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या असतात. जाड चिऱ्यात त्याने बिघडत नाही, पण वीस मि.मी.च्या पट्टीत अशी एक पोकळी आली की पट्टी तिथेच मोडते. काळ्याच दगडात हवी असेल तर नक्षी मोठी घ्या: जाडी ७५ मि.मी., पट्टी ३५ ते ४० मि.मी., भोकं चौकोनी किंवा षटकोनी. ती जाळी देखणी होते, फक्त तिच्याकडून लेससारखं काम मागू नये.

बाकी बाजारातले पर्याय असे. मकराण्याचा संगमरवर: सर्वांत बारीक काम, पण आम्लाने खराब होतो. धौलपूर (फिकट पिवळसर किंवा गुलाबी) आणि भरतपूर जिल्ह्यातला बंशी पहाडपूर (गुलाबी): हे सँडस्टोन बाहेरच्या कामाला चांगले. अयोध्येच्या राममंदिरात बंशी पहाडपूरच आहे. गुजरातमधला ध्रांगध्रा सँडस्टोन कोरायला सोपा. जैसलमेरचा पिवळा दगड लोक सँडस्टोन समजून घेतात, तो चुनखडक आहे. लिंबाचा थेंब टाका, फेस आला तर चुन्याच्या जातीचा. तो घराच्या आत वापरा, कोकणातल्या पावसात नको.

दगड घेताना दोन साध्या परीक्षा. फरशी टांगून हातोडीने हलकं ठोका: खणखणीत नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत तडा किंवा सुटलेला थर आहे. आणि हाताएवढा तुकडा उन्हात चांगला वाळवून वजन करा, चोवीस तास पाण्यात ठेवून पुन्हा वजन करा. वजन तीन टक्क्यांहून जास्त वाढलं तर तो दगड बाहेरच्या जाळीला घेऊ नका. सँडस्टोनची फरशी थरांना समांतर निघते आणि उभी केली की थर पावसाला तोंड करून उभे राहतात. दगड पाणी पिणारा असेल तर काही वर्षांत पापुद्रे सुटू लागतात.

प्रश्न (पुणे): "हँड कार्व्ड" म्हणून दर घेतला, पण जाळी मशीनवर कापलेली वाटते. कसं ओळखायचं?

उत्तर: भोकाचा आतला कोपरा पाहा. सीएनसी मशीनचा (संगणकावर चालणाऱ्या कोरण्याच्या यंत्राचा) फिरता बिट गोल असतो, त्यामुळे आतला कोपरा कधीच टोकदार येत नाही. सहा मि.मी.च्या बिटने तीन मि.मी. त्रिज्येची गोलाई राहतेच. छिन्नीचा कोपरा धारदार असतो. मग भोकात बोट घालून आतली भिंत चाचपा. वॉटरजेटने (पाण्याच्या जोरदार धारेने) कापलेली भिंत सपाट आणि किंचित तिरपी असते, खालच्या बाजूला बारीक रेघा उठलेल्या जाणवतात. हाताच्या कामात टाकीचे छोटे, असमान घाव लागतात. शेवटी जाळी उलटी करून पाठ बघा. खोटेपणा बहुधा तिथे उघडा पडतो, कारण पाठीमागे कोणी हात फिरवत नाही.

आता खरं सांगायचं तर आज येणारं बहुतेक काम मिश्र असतं: भोकं मशीनने पाडलेली, कडा, उतार आणि कंगोरे हाताने काढलेले. त्यात आम्हाला काही वावगं वाटत नाही. सपाट भूमितीच्या नक्षीत मशीन हाताइतकंच नेमकं काम करतं. फरक पडतो तो वेल, पानं, एकमेकांवरून जाणाऱ्या फिती अशा उठावाच्या कामात. तिथे मशीनची पानं सारखी, एका साच्यातली दिसतात. पैसे हाताच्या कामाचे घेऊन मशीनचं देणं ही मात्र सरळ फसवणूक. ऑर्डरमध्येच लिहून घ्या: भोकं कशाने पाडणार, कोपरे कशाने, पॉलिश कशाने. एक फूट बाय एक फुटाचा नमुना आधी मागवा, त्यावर दोघांची सही असू द्या.

प्रश्न (नागपूर): अरुंद भोकातून हवा दाबून जाते आणि त्यामुळे थंड होते, म्हणून जाळी म्हणजे जुना एसी, असं सगळीकडे वाचतो. खरं आहे का?

उत्तर: नाही. तीन मीटर प्रतिसेकंद वेगाने गेलेल्या हवेच्या तापमानात वेगामुळे पडणारा फरक अंशाच्या दोनशेव्या भागाइतका असतो. थर्मामीटरलाही तो कळणार नाही. जाळीने खोली सुखावह होते त्याची कारणं वेगळी आहेत. थेट ऊन फरशीवर आणि भिंतीवर पडत नाही. समोरासमोर उघडं असेल तर वारा अंगाला लागतो आणि घाम वाळतो. लखलखाट कमी होतो. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात जाळीमागे वाळ्याचा ओला पडदा टाकलात तर हवा खरोखर अनेक अंशांनी उतरते, पण ते काम पाण्याच्या बाष्पीभवनाचं आहे. समोरची खिडकी बंद ठेवून नुसत्या जाळीकडून गारव्याची आशा धरू नका. आणि दगडी जाळी लावून आत एसी चालवायचा असेल तर मागे काचेचं तावदान लागेलच. मग जाळी आणि काच यांत निदान दोन फूट अंतर ठेवा, नाहीतर काच पुसायला हात पोचत नाही.

प्रश्न (रत्नागिरी): दोन पावसाळ्यांत जाळीच्या चारही कोपऱ्यांत तडे गेले, काही ठिकाणी तांबूस डाग उतरले. ठेकेदार दगडाला दोष देतो. दगडच वाईट असेल का?

उत्तर: तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून दोष बसवणीचा दिसतो. तांबूस डाग म्हणजे आत साध्या लोखंडाचे खिळे आहेत. लोखंड गंजलं की फुगतं, मूळ आकाराच्या कितीतरी पट जागा मागतं आणि दगड आतून फोडतं. जुन्या इमारतींतही लोखंडी पकडींनी दगड असेच फोडले आहेत. म्हणून तर जुने कारागीर त्यांभोवती शिसं ओतत. कोपऱ्यांतले तडे मात्र बहुधा दुसऱ्या कारणाने: जाळी चारही बाजूंनी सिमेंटने घट्ट भरली असणार आणि वरची तुळई थोडी वाकून जाळीवर बसली असणार.

आकडे पाहा. तीन मीटर लांबीची आरसीसी तुळई भिंती-फरशा झाल्यानंतरही साडेआठ मि.मी.पर्यंत वाकलेली मानक संकेतांना चालते. जाळीच्या वर तितकी फट नसेल तर छपराचा भार जाळीच्या पट्ट्यांवर येतो. त्यामानाने उन्हाने दगड फारसा वाढत नाही: दीड मीटरच्या सँडस्टोनला चाळीस अंशांच्या फरकाने जेमतेम पाऊण मि.मी.

दुरुस्ती करताना किंवा नव्याने बसवताना क्रम असा ठेवा. उंबऱ्याच्या दगडाला बाहेरच्या बाजूला बारास एक उतार द्या आणि त्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच पाडा. जाळी चुन्याच्या पातळ मसाल्यावर किंवा रबराच्या पट्टीवर टेकवा. खाली दोन खिळे पक्के बसवा. वरचे दोन खिळे नळीत घाला, म्हणजे तुळई खाली आली तरी ते सरकतील. खिळा ८ ते १० मि.मी. व्यासाचा, दगडात ५० ते ७५ मि.मी. आत, आणि तो चौकटीतच, पट्टीत कधीही नाही. भोक खिळ्यापेक्षा दोन मि.मी. मोठं. तुम्ही समुद्राजवळ आहात, तेव्हा ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील घ्या. घाटमाथ्यावर ३०४ चालतं, कोकणात त्यावर तपकिरी ठिपके येतात. बाजूंना सहा ते आठ मि.मी. आणि वर दहा ते बारा मि.मी. फट सोडा. ती दगडाला डाग न पाडणाऱ्या सीलंटने भरा. साधं सिलिकॉन सँडस्टोनमध्ये तेलकट कडा सोडतं आणि ती पुन्हा निघत नाही. सिमेंट अजिबात नको: त्यातले क्षार पाण्याबरोबर दगडात चढतात, वाळताना पांढरे फुटतात आणि पृष्ठभागाची भुकटी करतात.

तडा केसाएवढा असेल तर तीन मि.मी.ची स्टेनलेस पिन घालून त्याच दगडाच्या भुकटीत कालवलेल्या इपॉक्सीने (कडक होणाऱ्या रासायनिक गोंदाने) सांधता येतो. इपॉक्सी उन्हात पिवळं पडतं, म्हणून शेवटचे दोन मि.मी. चुना आणि दगडाची भुकटी भरून झाका. पट्ट्या तुटून पडल्या असतील तर तो भाग बदलणंच बरं.

प्रश्न (कोल्हापूर, वास्तुकलेची विद्यार्थिनी): कारागिराला ड्रॉइंग कसं द्यावं? दगडावर काम नेमकं कोणत्या क्रमाने होतं?

उत्तर: पूर्ण आकाराचं, एकास एक ड्रॉइंग द्या. कमी प्रमाणातलं ड्रॉइंग मोठं करताना पट्टीची रुंदी बदलते आणि भांडण तिथूनच सुरू होतं. ड्रॉइंगमध्ये भोकं काळी भरा म्हणजे कुठे दगड राहायचा याचा घोटाळा होत नाही. बाजूला छेद काढा आणि भोकाला उतार कोणत्या बाजूला द्यायचा ते लिहा. आत रुंद केलंत तर उजेड पसरतो, बाहेर रुंद केलंत तर पाणी आत न येता बाहेर निथळतं. नक्षी चौकटीशी कुठे संपते ते आधी ठरवा: अर्धी चांदणी कापली गेली तर ती चारही बाजूंना सारखी कापली पाहिजे. विद्यार्थ्यांच्या ड्रॉइंगमध्ये सर्वांत जास्त चुका इथेच होतात.

कामाचा क्रम: फरशी दोन्ही बाजूंनी सपाट करून गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणतात. पत्र्याच्या किंवा जाड कागदाच्या फर्म्यावरून गेरूने नक्षी उतरवतात, मग टोकदार सळईने रेघा ओरखडून पक्क्या करतात, कारण गेरू पाण्याने जातो. फरशी वाळूच्या जाड थरावर आडवी ठेवतात म्हणजे घावाचा हादरा वाळू पिते. प्रत्येक भोकाच्या मधोमध ड्रिलने छिद्र पाडतात. पूर्वी हे कमानीच्या बरम्याने होत असे. अर्ध्या जाडीपर्यंत समोरून खोदून उरलेलं पाठीमागून काढतात. एकाच बाजूने आरपार गेलं तर पलीकडचा कपचा उडतो. खोदाई मधून कडेकडे जाते आणि शेजारशेजारची भोकं लागोपाठ न काढता एकाआड एक काढतात, म्हणजे अर्धवट कोरलेल्या फरशीला सगळीकडे सारखा आधार राहतो. शेवटी कानस, मग कार्बोरंडमचा दगड पाण्यासह. पट्टी तुटते ती बहुधा या शेवटच्या टप्प्यात, घाईच्या घासण्याने. म्हणून मुदत देताना आठवडे मोजा, दिवस नकोत.

प्रश्न (सातारा): राजस्थानातून कारागीर आणून आमच्याच आवारात जाळी कोरून घ्यायची आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर: धुळीची. सँडस्टोन म्हणजे मुख्यतः सिलिका. ग्राइंडरने कोरडा कापला की डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. दौसा जिल्ह्यातलं सिकंदरा हे गाव कोरीव कामासाठी जितकं प्रसिद्ध, तितकंच या आजाराने पोळलेलं आहे. राजस्थान सरकारला २०१९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण करावं लागलं. तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. कटर पाण्याच्या धारेखालीच चालवायला लावा, मास्क निदान एन ९५ प्रतीचा द्या आणि तो रोज बदला. कामाची जागा घरापासून आणि शेजाऱ्यांपासून वाऱ्याच्या खालच्या बाजूला ठेवा. झाडू मारू नका, पाणी मारून चिखल उचला. कारखान्यातून तयार जाळी घेत असाल तरी हे प्रश्न विचारा. "तुमच्याकडे ओली कटाई होते का?" हा प्रश्न चार गिऱ्हाइकांनी विचारला तर पाचव्याच्या वेळी नळ जोडलेला असतो. छिन्नी-हातोडीच्या कामात धूळ कमी, पण शून्य नाही.

प्रश्न (पणजी): जाळीवर हिरवं शेवाळ आणि काळे डाग आले आहेत. ॲसिडने धुवावं का?

उत्तर: मुळीच नाही, आणि प्रेशर वॉशरही नको. संगमरवर आणि जैसलमेरचा दगड ॲसिडने विरघळतात. सँडस्टोनमधलं लोह मोकळं होऊन नवे तांबूस डाग पडतात. मऊ नायलॉनचा ब्रश, साधं पाणी, सौम्य साबण. शेवाळासाठी दोन-तीन टक्के बेंझाल्कोनियम क्लोराइड या जंतुनाशकाचं द्रावण लावून एक दिवस ठेवा, मग घासून धुवा. तेलकट डागांवर मुलतानी मातीचा जाडसर लेप लावा, वर प्लास्टिक झाकून एक दिवस ठेवा, मग उघडून पूर्ण वाळू द्या आणि लाकडी पट्टीने काढा. ताजमहालाच्या संगमरवरावरही मुलतानी मातीच लावतात. लॅकर किंवा व्हार्निश लावू नका. त्याखाली ओल अडकते आणि पापुद्र्यासकट दगड निघतो. सायलेन-सायलोक्सेन जातीचं पाणीरोधक चालतं, पण दगड पूर्ण कोरडा असताना, म्हणजे तुमच्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये.

प्रश्न (ठाणे): फ्लॅटच्या बाल्कनीला लावता येईल का? डासांचं काय?

उत्तर: बाल्कनीच्या कडेवर चौरस फुटाला सात किलो वजन वाढवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरचं पत्र आणि सोसायटीची परवानगी घ्या. डासांची जाळी आतल्या बाजूला, काढता येईल अशा वेगळ्या चौकटीत लावा. दगडाला चिकटवलीत तर मधली धूळ कधीच निघणार नाही. खर्च परवडत नसेल तर दगडासारख्या दिसणाऱ्या सिमेंटी पॅनलपेक्षा विटांची जाळी शंभरदा बरी. वास्तुकार लॉरी बेकर यांनी केरळात ती वर्षानुवर्षं केली आणि ती जे आहे तेच दिसते.

प्रश्न (न्यू जर्सी): जयपूरहून जाळी मागवून घराबाहेर लावली तर थंडीत टिकेल का?

उत्तर: दगडात मुरलेलं पाणी गोठून फुगतं आणि बारीक पट्ट्या आधी जातात. तुमच्याच राज्यात रॉबिन्सविलला २०२३ मध्ये खुल्या झालेल्या अक्षरधाम मंदिराच्या बाहेरच्या भागाला बल्गेरियाचा चुनखडक वापरला, कोरीव काम मात्र राजस्थानात करून घेतलं. राजस्थानी सँडस्टोन हवाच असेल तर जाळी घराच्या आत, दोन खोल्यांच्या मध्ये लावा. लाकडी खोक्यात ती उभी, कडेवर ठेवून पाठवायला सांगा. आडवी रचलेली जाळी बंदरावर पोचेपर्यंत मधोमध मोडलेली असते. त्याच दगडाचे दोन-तीन कोरे तुकडेही त्याच खोक्यात मागवा, पुढे दुरुस्तीला रंग जुळणारा दगड तिकडे मिळणार नाही.